आधी सही, मग भात

अणुबाँबला विरोध केल्याशिवाय मुरबाडात तांदूळ मिळत नसे. हे मी वाढवून सांगत नाही. बाजारपेठेच्या टोकाला नाना दिघ्यांची भाताची गिरणी होती. शेतकऱ्याने भाताचे पोते उतरवले की नाना इंजिनाला हात लावण्याआधी त्याच्यापुढे एक कागद धरीत. "आधी सही, मग भात." कागदावर एवढेच असे की, बड्या राष्ट्रांनी अणुबाँबचे स्फोट थांबवावेत आणि तसा करार करावा. माणूस घाईत असे, गाडीचे बैल उन्हात उभे असत, घरी दाणा नसे. तो सही करी. जगाच्या शांततेला आमच्या तालुक्याने जो पाठिंबा दिला, त्यातला बराचसा भुकेपोटी दिला.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि गिरणीच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली गिरणी सुरू झाली की वर माझे ताट थरथरायचे. नाना पन्नाशीचे, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. डोक्यापासून पायापर्यंत कोंड्याने माखलेले, भुवयासुद्धा पांढऱ्या. त्यांना हा नाद लागला तो वर्तमानपत्रातल्या एका बातमीने. दूर कुठेतरी समुद्रात बाँबचा स्फोट केला होता आणि जपानी मच्छीमारांच्या होडीवर पांढरी राख पडत राहिली होती. ते लोक आजारी पडले. नाना तो अंक घेऊन माडीवर आले.

"मास्तर, त्यांना कळलंच नसेल हो," ते म्हणाले. "वाटलं असेल, कोंडा उडतोय कसला तरी."

बाहीवरचा कोंडा झटकायला उचललेला हात त्यांनी तसाच धरून ठेवला होता.

त्या दिवसापासून "वारा सगळ्यांचा एकच" हे त्यांचे पालुपद झाले. लग्नाला गेले की अक्षतांच्या आधी वऱ्हाडाच्या सह्या. म्हसा गावच्या जत्रेत बैलांच्या दलालांमध्ये टेबल टाकून बसले, तर लोकांना वाटले विहिरींसाठी अर्ज चाललेत. रांग लागली आणि खरे कळल्यावर तेवढ्याच वेगाने मोडली. शहापूरच्या कचेरीतल्या एका साहेबाने कागद वाचून परत दिला. "बाँब तालुक्याबाहेर फुटतो. माझ्या अखत्यारीत येत नाही."

नानांना हसलेले कळतच नसे. ते साहेबाला म्हणाले, "वारा तुमच्या अखत्यारीत येतो का?"

सह्यांचे कागद दिल्लीला जात, परदेशी वकिलातींना जात. सोबतची इंग्रजी पत्रे मी लिहून देई. उत्तर कधीही आले नाही.

या सगळ्या खटाटोपात एकच माणूस मनापासून सामील झाला, तो धर्मा भोईर. गावाबाहेरच्या पाड्यावरचा, वरकस, डोंगरउताराच्या जमिनीवर आणि मजुरीवर जगणारा. नानांनी त्याच्यापुढे शाईची गादी सरकवली तेव्हा तो मागे सरला.

"अंगठा नाय देनार, शेट. माज्या बापानं सावकाराला अंगठा दिला आनि भाताचं खाचर गेलं."

"मग सही कर."

"येत नाय."

नानांनी इंजिन बंद केले. फळीवर साचलेला कोंडा हाताने सारखा केला आणि त्यात बोटाने अक्षरे काढली. ध, र, म. बाहेर गिऱ्हाइके खोळंबली, शिव्या देऊ लागली. धर्मा येईल तेव्हा हा वर्ग भरे. काही आठवड्यांनी त्याने कागदावर स्वतःचे नाव लिहिले. आयुष्यातली पहिली सही त्याने अणुबाँबच्या विरोधात केली! मग पोराला, काशिनाथला, घेऊन आला. तो शाळेत जात होता. त्याने बापाच्या खाली झोकदार सही ठोकली.

पेठेला मात्र नानांच्या राजकारणापेक्षा त्यांच्या कोंड्याचा जास्त त्रास होता. समोरच्या गोदूताई लेले एकदा कोंडा पडलेले पापड सुपात घेऊन गिरणीत उभ्या राहिल्या. "अमेरिकेची धूळ मग बंद करा. आधी ही तुमची करा!"

दुसरा कोणी भांडला असता. नाना लाजले. संध्याकाळी त्यांनी रीतसर करार लिहिला: पापड वाळत असतील त्या दिवशी दुपारपर्यंत गिरणी बंद. दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीदार मी. पापडांनंतर गोदूताईंनी कुरडया घातल्या, मग सांडगे, मग मिरच्या. अख्खा उन्हाळा गिरणी अर्धी बंद राहिली. "एक बाजू नेहमी जास्त मागते," नाना मला समजावीत. "म्हणून काय करार मोडायचा?" त्याच उन्हाळ्यात एस.टी. स्टँडच्या पलीकडे दुसरी गिरणी निघाली. तिथे सही लागत नसे.

आणि एके दिवशी खरोखरच करार झाला. अमेरिका, रशिया, इंग्लंड. नानांनी पेठभर पेढे वाटले. लोकांनी खाल्ले आणि विचारले, "लग्न ठरलं की काय?" दुसऱ्या दिवशी मी सविस्तर बातमी वाचून दाखवली. हवेत, पाण्यात, अंतराळात स्फोट बंद. जमिनीखाली चालू.

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "म्हणजे कोंडा पोत्यात भरला. गिरणी चालूच." मग उठून त्यांनी कोरा कागद घेतला. "असू दे. आता जमिनीखालच्याच्या सह्या."

त्या सह्या फारशा झाल्या नाहीत. कराराच्या आदल्याच वर्षी चीनशी लढाई होऊन गेली होती. फौजेत गेलेला धर्माचा काशिनाथ तिकडे बर्फातच राहिला होता. त्याच्या मृत्यूची फक्त तार आली. आणि करारानंतर वर्षभराने चीननेच बाँब फोडला.

मारुतीच्या देवळापुढे सभा भरली. शहापूरचे एक वकील बोलायला आले होते. यांनी नानांच्या कागदावर कधीकाळी लफ्फेदार इंग्रजी सही केली होती. भारताने ताबडतोब बाँब बनवावा, असा ठराव त्यांनी मांडला. सगळे हात वर झाले. सही केलेला प्रत्येक हात मला त्यात दिसत होता. विरोधात कोण, असे नुसते रिवाज म्हणून विचारले, आणि नाना उभे राहिले.

"वारा सगळ्यांचा..."

"पेकिंगला जाऊन सांगा!" कोणीतरी ओरडले. हशा झाला. दुसरा म्हणाला, "चीनचे पैसे खातो म्हातारा." त्यावरही हसले.

मग मागून धर्मा उठला आणि हसणे थांबले.

"शेट, माजं नाव खोडा."

"धर्मा, तो कागद दिल्लीला गेला रे."

"तर दिल्लीला लिवा. माज्या पोराकडं धड कांबळ नव्हती, बंदूक नव्हती. तुमी आमाला सह्या करायला लावल्या. त्याचं पन नाव खोडा."

नाना म्हणाले, "लिहितो." आणि खरेच माझ्याकडून पत्र लिहून घेतले: खालील दोन नावे कृपया वगळावीत. मी म्हटले, "नाना, ते कागद कुणी उघडलेसुद्धा नसतील."

"माहीत आहे," ते म्हणाले. इतकी वर्षे त्यांना ते माहीत होते, हे मला तेव्हा कळले.

पुढे गिऱ्हाइके तुटली. शाळेतली मुले त्यांना 'चिनी नाना' म्हणू लागली. मी छड्या मारल्या, त्याने काही झाले नाही. गिरणी बहुतेक बंदच असे. दुपारी नाना कुठेतरी जात. मला वाटे, शहापूरकडे सह्यांना जात असतील.

पटनोंदणीसाठी मी एका दुपारी भोईरांच्या पाड्यावर गेलो. धर्मा नानांच्या गिरणीत पाऊल ठेवत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण तो नव्या गिरणीतही गेला नव्हता. का, ते त्याने कुणाला सांगितले नाही. घरात भात उखळात कांडत होते, आणि त्याच्या बायकोचा, बायजाचा, खांदा धरलेला होता.

अंगणात मुसळाचा आवाज येत होता. नाना कांडत होते. सदरा काढून खुंटीला लावलेला, घामाने पाठ निथळत होती, आणि जन्मभर इंजिनावर भात काढलेल्या माणसाचे मुसळ धड सरळ पडत नव्हते. बायजा बाजूला बसून सुपात तूस पाखडत होती. धर्मा ओट्यावर पाठ करून बसला होता. तो वळला नाही, मलाही बस म्हणाला नाही. कितीतरी दिवस हे असेच चालले असावे. कुणाला त्यात नवल वाटत नव्हते.

मी पोरांची नावे लिहून घेतली आणि निघालो. कुंपणाशी पोचलो तेव्हा मागे धर्माचा आवाज ऐकू आला. अजून त्याने मान वळवली नव्हती.

"हलू मारा, शेट. दाना फुटून कनी होतेय."

नाना थांबले. मुसळावरची पकड त्यांनी थोडी सैल केली आणि पुन्हा हळूहळू कांडू लागले.