उबदार गुन्हेगार

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगार आपणहून बेड्यांसाठी मनगटाचं माप देतो," असं भिंगकाका स्वतःबद्दल सांगत. अजून एकानेही माप दिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आयुष्यभर त्यांनी घरोघरी हिंडून पाण्याचे मीटर वाचले. निवृत्त झाल्यावर एक भलंमोठं भिंग घेतलं आणि माणसं वाचायला सुरुवात केली. "माझी नजर भिंतीपलीकडे जाते," असं ते म्हणत आणि म्हणता म्हणता दाराच्या चौकटीवर आपटत.

त्यांचा साहाय्यक म्हणजे त्यांचा मेहुणा. "ह्यांच्या मागे मागे राहा आणि कुणी मारायला धावलं तर मध्ये पड," एवढं सांगून बहिणीने त्याला या कामावर नेमलं होतं. मेहुण्याला रहस्यात काडीचा रस नव्हता. पण बहिणीपुढे त्याचं काही चालत नसे, त्यामुळे तो कपाळावर आठ्या घालून सगळीकडे जाई.

त्या दिवशी भिंगकाकांच्या पुतणीची सायकल शर्यत होती. शर्यत दोन दिवसांची. पहिल्या दिवशी डोंगर चढून पलीकडे उतरायचं, दुसऱ्या दिवशी सपाटीवर जीव तोडून पळायचं, आणि दोन्ही मिळून ज्यांची वेळ चांगली त्यांना मोठ्या संघात घ्यायचं. डोंगरावर गार पाऊस लागला. तरी पोरगी तिसरी आली. आता फक्त रात्रीतून आजारी पडायचं नाही, एवढंच बाकी होतं. घामाने आणि पावसाने भिजलेलं अंग थांबलं की बघता बघता गारठतं. म्हणून शर्यत संपताच ओले कपडे काढायचे, कोरडे गरम घालायचे, काहीतरी कढत प्यायचं, हे त्या मैदानावर सगळ्यांना तोंडपाठ होतं.

पोरीने मैदानाशेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये बाकावर बसून पिशवी उघडली. पिशवी रिकामी होती. जाकीट, लोकरीची टोपी, जाड पँट, पायमोजे, टॉवेल, सगळं गायब.

"काका, माझे कपडे कुठायत?" तिचे दात वाजत होते.

भिंगकाकांचा चेहरा उजळला. "कुणीही जागचं हलू नका! पोरी, तू तर अजिबात हलू नकोस. तू पुरावा आहेस."

"दाजी, ती काकडतेय," मेहुणा म्हणाला. त्याचा स्वतःचा स्वेटर पिळून काढावा इतका ओला होता, कारण 'संशयास्पद सायकलवाले' टिपायला भिंगकाकांनी त्याला सकाळभर एका वळणावर उभं केलं होतं. सायकलवाले सगळेच जीभ बाहेर काढून चालले होते. मेहुण्याने सगळ्यांनाच संशयास्पद ठरवून विषय संपवला होता.

"पिशवी कुणाच्या ताब्यात होती?"

"बाबांच्या."

पोरीच्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हॉलच्या मागे उभ्या असलेल्या टेम्पोत ते तिची सायकल पुसत बसले होते. भिंगकाकांनी दारातूनच हाक मारली, "दादा, पिशवीतले कपडे बघितलेस का?"

"मला काय विचारतोस? चेनीत चिखल गेलाय इथे!"

"दादा संशयातून मुक्त," भिंगकाकांनी जाहीर केलं. "जो माणूस इतका वैतागलेला आहे, तो खोटं बोलत नाही."

मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि आपला सिद्धांत मांडला. कपडे चोरले ते अंगात घालायला. अर्थात, ज्याला थंडी वाजत नाही तो चोर. गुन्हेगार उबदार आहे!

हॉलमध्ये पोरगी आणि मेहुणा सोडले तर सगळेच उबदार होते. भिंगकाका पहिल्या आलेल्या मुलीपाशी गेले. ती जाड जाकीट घालून, केळं खात, पाय पसरून बसली होती.

"एवढी निवांत कशी तू?"

"शर्यत संपली ना."

"केळं का खातेस?"

"भूक लागलीय म्हणून."

"प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार आहे," भिंगकाका मेहुण्याच्या कानात म्हणाले. "पढवलेली आहे."

त्या मुलीने बाकावरच्या पोरीकडे पाहिलं, आपलं घोंगडं उचललं आणि म्हणाली, "तिला हे द्या. ओठ बघा तिचे, निळे पडलेत."

"उशिरा सुचलेली दया!" भिंगकाकांनी घोंगडं घेतलं, घडी केली आणि काखेत मारलं. "हे जप्त."

मेहुण्याला आता खरोखर राग यायला लागला. "दाजी, ते घोंगडं तिच्या अंगावर टाका."

"पुराव्यावर पुरावा टाकू? वेडा आहेस का?"

पुढचा संशयित मालिशवाला. त्याचे हात तेलकट होते, आणि भिंगकाकांच्या मते तेलकट हातातून कुठलाही माल सहज निसटतो, म्हणून असे हात चोरीला उत्तम. मालिशवाल्याने त्यांना "बाजूला व्हा" एवढंच म्हटलं. ते हातानेही करून दाखवलं. मेहुण्याने मध्ये पडायला हवं होतं, पण तो पडला नाही.

शेवटी भिंगकाका पोरीसमोर गुडघ्यावर बसले आणि भिंगातून तिचा हात बघायला लागले. तिला बुटाची नाडीसुद्धा सोडता येत नव्हती, बोटं ऐकतच नव्हती.

"अंगावर काटा. आवाजात कंप. नजर चुकवते," ते पुटपुटले. "ही अपराधी मनाची लक्षणं आहेत. पोरी, कपडे तूच लपवलेस ना?"

"काका," पोरगी कशीबशी म्हणाली, "मला उद्या सायकल चालवायचीय हो." आणि रडायला लागली.

तेवढ्यात तिची आई आली. शर्यतीच्या गाड्यांमुळे तिची बस वाटेतच अडकली होती. तिने एकदा लेकीकडे बघितलं, एकदा दिराकडे, आणि त्यांच्या काखेतलं घोंगडं ओढून लेकीला गुंडाळलं.

"वहिनी, ते जप्त—"

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा. हिचे बाबा कुठायत?"

"सायकलपाशी," मेहुणा म्हणाला.

"वाटलंच," असं म्हणून ती थेट टेम्पोकडे गेली आणि तिने वरची ताडपत्री उचलली.

आत सायकल होती. हँडलवर जाकीट, त्याची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. सीटवर लोकरीची टोपी, कानापर्यंत. जाड पँट दांडीभोवती घट्ट बांधलेली, दोन्ही पेडलना एकेक पायमोजा. शेजारी बाबा टॉवेलने चाकाची एकेक तार पुसत होते. दुकानात त्यांच्या उजव्या हाताशी फडक्यांची पिशवी टांगलेली असे आणि नजर सायकलवरून न काढता हात पिशवीत जाई. इथे, पिशवी हॉलमध्ये जाईपर्यंत, उजव्या हाताशी लेकीची पिशवी होती. हात गेला, आलं ते घेतलं, झालं.

"अहो, काय हे?"

"गंज चढेल ना तिला! हवा किती दमट—" बाबांनी पहिल्यांदाच सीटकडे नीट बघितलं. "ही टोपी कुणाची?"

"मी विणलेली. तुमच्या मुलीची. ती तिथे निळी पडलीय आणि ही इथे मजेत बसलीय."

आईने सायकलचे कपडे उतरवले, जाकीट आतून कोरडं आहे हे चाचपून पाहिलं आणि पोरीला आडोशाला नेऊन बदलून दिले. कुठूनसं कढत सूप आणलं. पोरीला वाटी धरता येईना, तेव्हा बाबांनी धरली. आपल्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, असं त्यांनी मेहुण्याला नंतर सांगितलं. पोरीने अर्धी वाटी संपवली, गालांवर थोडा रंग आला, आणि मग ती म्हणाली, "बाबा, सायकललाही विचारा, सूप घेणार का."

बाबांनी वाटी पुन्हा तिच्या ओठांशी नेली.

"गुन्हेगार उबदार आहे, असं मी म्हटलंच होतं," भिंगकाका भिंग पुसत म्हणाले. "सायकल किती उबदार होती, बघितलंत ना? केस बंद."

दुसऱ्या दिवशी पोरगी दुसरी आली. संघात नाव लागल्याचं भोंग्यावर पुकारलं, पण बाबांना ते ऐकू गेलं नाही. ते शर्यतीच्या शेवटच्या रेषेपुढे जाकीट पसरून, टोपी दातात धरून उभे होते. पोरगी उतरली, सायकल त्यांच्या हातात आली, आणि त्यांनी ती सोडून दिली. सायकल खाड्कन रस्त्यावर आदळली. गिअरचा काहीतरी तुकडा उडून गटारात गेला.

"ढकललं कुणी?" भिंगकाका भिंग घेऊन धावले. "कुणीही हलू नका!"

बाबा लेकीच्या कानांवर टोपी ओढत होते.

"बाबा, सायकल पडली," ती टोपीच्या आतून म्हणाली.

"पडू दे," बाबा म्हणाले. "हात घाल जाकिटात आधी."