कचऱ्यात नापास

राष्ट्राची प्रगती उच्च शिक्षणावर उभी असते आणि उच्च शिक्षणाला कच्चा माल लागतो. अंबरनाथमध्ये या मालाचे ढीग पाहून एका कॉलेजनं १९९४ साली घनकचरा व्यवस्थापनाची पदविका काढली, हे थोरच झालं. उद्घाटनाला आवार लख्ख झाडून घेतलं. (कचऱ्याचं व्यवस्थापन मागच्या नाल्यात केलं.)

झाडलं रखमानं. तिची सासूही झाडूवालीच. पदविकेनंतर साहेबाची खुर्ची मिळते असं ऐकून तिनं पोरीला, उमाला, याच कोर्सला घातलं होतं. अट एकच. "शीक वाट्टेल ते. हातात झाडू दिसला तर तंगडी मोडीन."

पेपर भारदस्त होते : कचऱ्याचा इतिहास, कचरा आणि संस्कृती, कचऱ्याचं तत्त्वज्ञान. प्रॅक्टिकलला विद्यार्थी नाकाला रुमाल लावून छडीनं दाखवत, शिपाई अनंता ओला-सुका वेगळा करी, आणि पुढच्या बॅचसाठी परत कालवून ठेवी. शिक्षणातलं सातत्य म्हणतात ते हेच.

परीक्षेच्या दिवशी नेमका अनंता रजेवर. पुण्याचे परीक्षक घड्याळ बघायला लागले. समतेवर सुंदर बोलणारे शशिकांत सर म्हणाले, "उमा, ये बाळ पुढे. तुझं तर घरातलंच आहे."

"घरातलंच आहे सर, म्हणून तर माझं झालंय शिकून. मीनलला शिकू द्या ना."

"ई! मला ॲलर्जी आहे," मीनल म्हणाली.

ॲलर्जीचं सर्टिफिकेट उमा सोडून अख्ख्या वर्गाकडे निघालं. या रोगाची प्रतिकारशक्ती ठरावीक वस्तीतच कशी आढळते, हा संशोधनाचा विषय आहे. (कोर्स निघेल.)

"हात लावला नाहीस तर नापास करावं लागेल," सर कळवळून म्हणाले.

उमानं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

निकाल लागला. निरीक्षणकौशल्यावर सगळा वर्ग पास, मीनल पहिली. उमाच्या नावापुढे शेरा : 'कचरा हाताळण्याची पात्रता नाही.'

"कशात उडालीस गं?" रखमानं विचारलं.

"कचऱ्यात, आई. पात्रताच नाही म्हणे माझी."

रखमानं शेरा दोनदा वाचून घेतला. मग कडाकडा बोटं मोडून पोरीची दृष्ट काढली. "तीन पिढ्यांत पहिली गं माझी बाय!"

तिनं पेढे वाटले. वस्तीत, कॉलेजात, रस्त्यात भेटेल त्याला. तुम्हीही हात पुढे केलात, गोड लागला म्हणालात. पेढा कागदात गुंडाळलेला होता. तो कागद कुठे टाकलात, ते सांगू नका. सकाळी झाडताना रखमाला सापडेलच.