बाईसाहेबांनीं तळें राखिलें त्या डावाची हकीकत

श्रीगजाननास नमन, पटावरील चौसष्ट घरांस नमन, आणि ही हकीकत शेवटपर्यंत ऐकावयास जे मांडी घालून बसतील त्यांच्या धीरासही नमन. शके सतराशें एकसष्ट, विकारीनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयीं एका मुलखीं ऐसें वर्तमान जाहलें. मुलखाचें नांव लिहीत नाहीं, कारण लिहिलें तर तेथील दिवाणजी आमच्या घरावर चौकी बसवितील, इतके ते मानी. तर त्या मुलखाचें आणि शेजारच्या मुलखाचें एका तळ्यावरून पिढीजाद वैर, आणि पुष्कळ माणूस कापून काढिल्यावर दोन्हीकडील वडिलांस शहाणपण सुचलें, आणि मग तह जाहला तो ऐसा कीं, दरसाल फाल्गुनांत दोन्ही गादीच्या धन्यांनीं खुद्द बसून बुद्धिबळाचा एक डाव खेळावा, जिंकेल त्यानें वर्षभर तळ्याचें पाणी घ्यावें, बरोबरी जाहली तर पाणी आदल्या सालीं ज्याकडे त्याकडेच असावें, आणि सलग तीन सालें ज्याकडे पाणी राहिलें त्याचें तळें कायमचें. आमचे महाराज लागोपाठ दोन सालें हरले, आणि त्या दुःखानें अंथरूण धरिलें तें भाद्रपदांत कैलासवासीच जाहले. मग दरबारानें गादीवर त्यांचे कुटुंब गोजराबाईसाहेब यांस बसविलें. बाईसाहेबांनीं जन्मांत सारीपाटाखेरीज दुसरा पट पाहिला नव्हता. इकडे पानमळे वाळले, विहिरींत बादली सोडिली तर दगडावर आपटे, आणि कोष्टी आळींत लोक चूलबोळकीं गाड्यांवर चढवूं लागले. एके दिवशीं बाईसाहेबांची स्वारी त्या आळींतून चालली असतां बहिणाई कोष्टीण आडवी आली आणि म्हणाली, "बाईसाहेब, सुताला खळीची पाजण द्यायला घागरभर पाणी नाहीं. फाल्गुनापर्यंत कळ काढतों. मग आम्ही चाललों, आमची वाट पाहूं नका." बाईसाहेबांनीं स्वारी तेथूनच परतविली. वाड्यावर येऊन दिवाण विसोपंत यांस म्हणाल्या, "पट आणवा. मी शिकणार."

आतां महाराज कां हरले तें लिहिणें प्राप्त आहे, आणि लिहितांना आमचें रक्त उकळतें तें उकळो. या दरबारीं रीतिरिवाजाचें वेड भारी, आणि जो रिवाज सदरेवर तोच पटावरही चालविला होता. स्वारींत वजीर पुढें चालतो म्हणून पटावरही पहिल्या झटक्यास वजीर बाहेर काढावा. घोडे हुकुमावांचून पागेंतून सुटूं नयेत. राजानें कोपऱ्यांत बसणें कमीपणाचें, म्हणून राजा मधोमध उघड्यावर. आणि सर्वांवर कडी ती ही कीं, वजीर पडला तर दरबारास सुतक मानून डाव तेथेंच सोडावा! हा शेवटचा रिवाज विसोपंतांच्या आज्यानें घातला, आणि विसोपंत तो प्राणापलीकडे जपत, कारण पटावरील वजीर म्हणजे आपणच ऐसा त्यांचा पक्का समज. दोन्ही सालीं महाराजांचा वजीर एकटाच शत्रूच्या मुलखांत शिरला, चहूंकडून घेरला, पडला, आणि महाराज पागोटें सांवरीत उठले. दुसरे सालीं तर शत्रूचाही वजीर तेव्हांच पडणार होता, पण उठले! काय म्हणावें या अकलेस?

मग बाईसाहेबांनीं हाशमबेग नामें बुद्धिबळांतील जाणते गृहस्थ दूरदेशींहून बोलाविले. ते मोठे खडूस, तोंडीं सदा वेलदोडा, आणि चुकलें कीं धन्यासही सोडीत नसत. पहिल्या दिवशीं बाईसाहेबांनीं रिवाजाप्रमाणें वजीर काढिला, आणि बेगांनीं घोडा काढून त्यावर रोखिला, मग वजीर पळाला, मग उंट काढून रोखिला, मग वजीर पुन्हा पळाला, आणि थोडक्यांत बेगांची सगळी फौज मैदानांत आणि बाईसाहेबांची सगळी घरीं झोपलेली. बेग म्हणाले, "बाईसाहेब, आपण एकट्या वजिराला पळवलंत, मी तेवढ्यांत फौज उभी केली. आतां लढाई कसली? आतां नुसती कापाकापी." आणि मग कापाकापी जाहली. बाईसाहेबांचे कान लाल जाहले, तरी म्हणाल्या, "पुन्हा मांडा." दुसऱ्यांदा हरल्या, म्हणाल्या, "पुन्हा मांडा." दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, बाईसाहेब हरतच होत्या आणि मांडतच होत्या, आणि पाहणाऱ्या आम्हां मंडळींच्या नाकीं नऊ आले, त्यांच्या नाहीं. हळूहळू हात वळूं लागला. मधलीं चार घरें प्याद्यांनीं धरावीं, कीं तेथून सगळीकडे वाट फुटते. घोडे आणि उंट लवकर बाहेर काढावे. एकच मोहरा उगाच पुन्हा पुन्हा नाचवूं नये. आणि राजास हत्तीच्या आड कोपऱ्यांत नेऊन ठेवावें. हें शेवटचें ऐकून विसोपंत ताडकन उठले आणि म्हणाले, "राजा लपतो? हें कोणत्या शास्त्रांत?" बेगांनीं वेलदोडा गालांत सारून विचारिलें, "दिवाणजी, लढाई जुंपली म्हणजे आपण कुठें असतां?" विसोपंत खालीं बसले. बाईसाहेबांस सर्वांत जड गेलें तें इतकेंच कीं आपली चाल सुचली कीं हात आधीं धांवे. बेग पटावर पंजा ठेवून म्हणत, "थांबा. त्यानें कां चाल केली? त्याला आतां काय करायचं आहे? तें पाहा, मग हात उचला." पौषांत बाईसाहेब स्वतःचाच उजवा हात डाव्या हातानें धरून बसूं लागल्या. माघांत एके सकाळीं बेग हरले. त्यांनीं पट निरखून पाहिला, आणि जन्मांत प्रथमच हंसले, आणि म्हणाले, "पुन्हा मांडा." आम्हांस तर नाचावेंसें वाटलें.

फाल्गुन वद्यांत तळ्याच्या काठीं डेरा दिला आणि शेजारचे राजे हैबतराव आले. गडी उमदा, मिशा पिळदार, पण दोन विजयांनीं डोक्यांत हवा गेलेली. त्यांनीं चौथ्या चालींतच मात देण्याचा जुना डाव मांडिला, म्हणजे वजीर आणि उंट दोघांचा रोख राजाशेजारच्या त्या प्याद्यावर, ज्यास राजावांचून राखणदार नाहीं. आमच्या मंडळीची पाचावर धारण बसली. बाईसाहेबांनीं हात धरिला, पट पाहिला, आणि घोडा काढिला तो ऐसा कीं प्यादेंही राखिलें आणि हैबतरावांच्या वजिरासही पळावयास लाविलें. मग त्यांचा वजीर पळतो आणि आमचा एकेक मोहरा बाहेर येतो, ऐसें चाललें, आणि राजा निमूटपणें हत्तीच्या आड जाऊन बसला, आणि त्या धांदलींत हैबतरावांचें एक प्यादें फुकट पडलें. मग बाईसाहेबांनीं वजिरास वजीर दिला. विसोपंत गरजले, "वजीर पडला! डाव सोडा! सुतक!" बाईसाहेब मान न वळवितां बोलिल्या, "दिवाणजी, सुतक तुम्ही पाळा. माझें एक प्यादें अधिक आहे." विसोपंत संतापानें डेऱ्याच्या दारापर्यंत गेले, पण डाव सोडून जाववेना म्हणून तेथेंच उभे राहिले. मग घोड्यास घोडा गेला, उंटास उंट गेला, हत्तीही गेले, प्यादींही एकमेकांस खाऊन सरलीं, आणि उरले दोन राजे आणि बाईसाहेबांचें तें एक प्यादें. आतां बाईसाहेबांनीं राजा कोपऱ्यांतून काढिला आणि प्याद्याच्या पुढें पुढें पायीं चालविला, हैबतरावांच्या राजास एकेक घर मागें रेटीत. जो राजा आजवर जागचा हलला नव्हता तो उन्हांतान्हांत प्याद्याची वाट मोकळी करीत चालला, हें पाहून आमचे डोळे भरून आले, खोटें कां लिहा?

प्यादें शेवटल्या घरापासून एक पाऊल राहिलें; तेथें पोंचलें कीं त्याच्या जागीं हवा तो मोहरा बसवितां येतो. हैबतरावांनीं आपला राजा कडेच्या ओळींत, कोपऱ्याच्या एक घर अलीकडे सरकविला, मिशीवर हात फिरविला, आणि मोठ्या मनानें बोलिले, "हरलों आम्ही. करा त्याचा वजीर, बाईसाहेब." बाईसाहेबांनीं प्यादें पुढें सारिलें. सगळा डेरा उठला आणि ओरडला, "वजीर! वजीर!" विसोपंत तर रुसवा विसरून दारांतून धांवत आले, पडलेला वजीर उचलिला, उपरण्यानें पुसला आणि दोन्ही हातांनीं पुढें केला. बाईसाहेबांनीं हात पुढें केला आणि मध्येंच डाव्या हातानें धरिला. हैबतराव इतके गोड कां बोलिले? बाईसाहेबांनीं शत्रूच्या राजाभोंवतीं एकेक घर नजरेनें चांचपिलें. वजीर बसविला तर हें घर वजिराच्या माऱ्यांत, तें घरही, पलीकडलींही, आणि उरलीं तीं आपल्या राजाच्या माऱ्यांत. राजास शह तर नाहीं, आणि हलावयास घर एकही नाहीं. म्हणजे मात नव्हे, कोंडी. कोंडी म्हणजे बरोबरी. आणि बरोबरी म्हणजे तळें गेलें, कायमचें. डेऱ्यांत ओरडा चालूच. बाईसाहेबांनीं हात मागें घेतला. म्हणाल्या, "दिवाणजी, वजीर राहूं द्या. हत्ती द्या."

विसोपंतांचे डोळे पांढरे जाहले आणि ते पुटपुटले, "वजीर असतां हत्ती? बाईसाहेब, हा आमचा..." बाईसाहेबांनीं स्वतःच हत्ती उचलून त्या घरीं बसविला. हैबतरावांचा हात मिशीवरून खालीं आला. हत्तीनें मोकळें सोडिलेलें एकच घर होतें, तेथें त्यांनीं राजा नेला, कारण दुसरी चाल नव्हती. मग हत्ती सरळ सरकत कोपऱ्यांत गेला आणि बाईसाहेब बोलिल्या, "शह. आणि मात." हैबतरावांनीं आपला राजा हळूच आडवा केला, आणि उठून मुजरा केला, हें त्यांच्या थोरपणास शोभलें. विसोपंत अजून वजीर छातीशीं धरून उभे होते. बाईसाहेब त्यांस हळू बोलिल्या, "दिवाणजी, मन मोडूं नका. आपला मान मोठाच आहे. पण त्या घरीं आपण बसतां तर बहिणाई गांव सोडून जाती." विसोपंतांनीं पटाकडे पाहिलें, एकेक घर बोटानें मोजिलें, पुन्हा मोजिलें, आणि मग वजीर डब्यांत ठेविला आणि तळ्याचें दार उघडावयास स्वतः चालत गेले, आणि कोणी छत्र धरूं आला तर त्यास हाकलून दिलें.

एकूण हकीकत इतकी कीं, महाराज दोन डाव मानानें हरले आणि बाईसाहेब एक डाव शिकून जिंकल्या, आणि पाणी कोष्टी आळीस सायंकाळीं पोंचलें. पट आवरिला, लेखणी पुसली, लिहिणारास क्षमा असावी.