कापसातला गोल्फ

चाळिशी उलटल्यावर क्रिकेट खेळणारा माणूस केविलवाणा दिसतो, बॅडमिंटन खेळणारा धापा टाकतो, गोल्फ खेळणारा मात्र श्रीमंत दिसतो. मग त्याला खेळता येवो न येवो. एवढ्या एका शोधाच्या जोरावर मी गोल्फपटू व्हायचं ठरवलं. खामगावात गोल्फचं मैदान नाही, ही अडचण नव्हती, सोय होती. जिथं दुसरा खेळाडूच नाही, तिथं आपला पहिला नंबर कोण हिरावणार?

नागपूरच्या दुकानात विक्रेत्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"सर, तुम्ही साधा सेट घ्या. या काठ्या फोर्ज्ड आयर्न आहेत. ओतीव नाहीत, ठोकून घडवलेले. नवशिक्यानं चूक केली तर हे माफ करत नाहीत."

इतिहासाच्या प्राध्यापकाच्या हातून चूक होते, ही बातमी याला कुठून लागली कोण जाणे. मी म्हणालो, "तेच द्या."

सेट मी गाडीच्या डिकीत ठेवला. घरात ठेवला असता तर पाहणार कोण? गाडी जिथं थांबे तिथं मी डिकी उघडून काहीतरी शोधत असे. खामगावात एकानंही विचारलं नाही. या गावाकडून माझी तशी अपेक्षाही नव्हती.

सरावाला वडनेर भोलजीचं सासऱ्यांचं शेत होतं. कपाशीला लागून एक पडीक पट्टा होता. शेषराव, म्हणजे सासरे, त्यांनी एक आयर्न उचलला आणि पात्यावरून अंगठा फिरवला.

"जवाईबापू, धार नाही याले."

"धार नसतेच, मामाजी. खेळ आहे हा. फोर्ज्ड लोखंड आहे."

"मंग खुरपंबी ठोकूनच घडवते लोहार. त्यानं गवत तरी निंघते."

अडाणी माणसाशी तंत्रज्ञानावर बोलायचं नाही, असा माझा नियम आहे. मी पवित्रा घेतला आणि मारला. ढेकूळ सरळ गेलं, चेंडू उजवीकडे कपाशीत गेला. कपाशी फुटलेली. त्यात पांढरा चेंडू शोधणं म्हणजे दुधाच्या पातेल्यात साखर शोधणं. शिवाय मोठे खेळाडू चेंडू शोधत नाहीत, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. मी दुसरा ठेवला. तोही पहिल्याच्या वाटेनं गेला. डबा रिकामा झाला तेव्हा सराव पूर्ण झाला असं समजून मी घरी आलो.

काही दिवसांनी शेषरावांचा फोन आला. "जवाईबापू, जिनिंगवर या. जसे असान तसे."

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या आवारात त्यांची ट्रॉली अर्धी रिकामी उभी होती. काम थांबलं होतं, भोवती शेतकऱ्यांचा घोळका होता. माल पाहून घेणारे जावेदभाई मधोमध उभे होते आणि त्यांच्या तळहातावर माझा चेंडू होता, पायाशी आणखी काही पडले होते.

"सर, पाहा. शेषरावभाऊच्या मालातून निंघून राह्यले. रोलरमंदी गेला असता तं मशीनचं वाटोळं झालं असतं. वजनासाठी कोनी पानी मारते, कोनी गोटे टाकते, हे मी पाह्यलं. पन घरून गोल गोटे घडवून आननारा आजच पाह्यला."

शेषराव ट्रॉलीला टेकून उभे होते. त्यांचा कापूस म्हटला की जावेदभाई आत हात न घालता पुढे सोडत, ही त्यांची आयुष्याची कमाई. आज चारचौघांत ते मिलावटवाले ठरत होते.

"वच्छलाबाईले इचारलं," ते मला हळूच म्हणाले. "तिनंच वेचला हा कापूस. थे म्हने, पांढरं दिसलं थे वेचलं, मी का चाखून पाहू? जवाईबापू, आता गावात तोंड कसं दाखवू?"

मी पुढे झालो. "जावेदभाई, चेंडू माझे आहेत. गोल्फ खेळताना कापसात गेले."

"सासऱ्याले वाचवून राह्यले, चांगली गोष्ट हाय. पन गोल्फ? वडनेर भोलजीत?"

"मास्तर, थाप माराची तं पटनारी मारा," घोळक्यातून एक जण म्हणाला.

मी डिकी उघडली. लोक पहिल्यांदाच आपण होऊन पाहायला आले.

"मंग मारून दाखवा," जावेदभाई म्हणाले.

समोर मोकळं आवार, उजव्या हाताला कापसाची डोंगराएवढी गंजी. कापसातून निघालेल्यांपैकीच एक चेंडू मी ठेवला आणि मारला. हाताला फटका जाणवलासुद्धा नाही. चेंडू नाकासमोर गेला, भिंतीवरून गेला, पलीकडच्या निंबावरूनही गेला. आयर्न खांद्यावर तसाच धरून मी टाळ्यांची वाट पाहिली.

"सर," जावेदभाई म्हणाले, "इतका नेमबाज मानूस बाजूच्या कापसात कसा मारन?"

शेषराव दात आवळून म्हणाले, "जवाईबापू, काय केलं हे? रोज मारता तसं मारा ना."

दुसरा चेंडू मी मुद्दाम गंजीवर नेम धरून मारला. तो पुन्हा सरळ गेला. शेषराव ट्रॉलीच्या चाकाशी मटकन बसले. खरं म्हणजे मी तेव्हा सासऱ्यांचा विचार करायला हवा होता. पण आपण जन्मजात खेळाडू आहोत, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. आता चेंडू नांदुऱ्याच्या रस्त्यावर टाकायचा असं ठरवून मी जीव खाऊन तिसरा मारला. तो उजवीकडे सुटला, ट्रॉलीच्या पत्र्यावर आदळला, जावेदभाईंच्या कानाजवळून गेला आणि गंजीत दिसेनासा झाला.

जावेदभाईंनी कान चाचपला.

"बस, सर. पटलं." मग ते शेषरावांकडे वळले. "भाऊ, माफी करा. चेंडू निवडून घेऊ, ट्रॉली खाली करा." आणि मजुरांना म्हणाले, "गंजी उपसा रे. सरचा एक चेंडू आत गेला."

शेषराव उठले, ताठ झाले. त्या दिवसापासून ते भेटेल त्याला सांगतात, "आपल्या मालात खोट नाही. खोट जवायात हाय."

एखाद्याला पटलं नाही, तर मला फोन करून बोलावून घेतात. येताना सेट आणायला सांगतात.