दोन करवंट्यांचे संशोधन

गर्भारपणात बाईने प्रवास केला तर काय होते, या प्रश्नावर मालवण तालुक्यात झालेले सर्वांत दीर्घ संशोधन दोन करवंट्यांत मावले. संशोधिकेचे नाव गंगाकाकी. शिक्षण शून्य, काम सुइणीचे.

पोटुशी असताना होडीतून खाडी ओलांडलेल्या बाया एका करवंटीत, न ओलांडलेल्या दुसरीत. बाळंतपण झाले की एक शिंपला पडे. बाळ-बाळंतीण सुखरूप असतील तर पांढरा, नाहीतर चुलीत काळा केलेला. दोन्हींत काळे सारखेच थोडे होते. मी गावचा शाळामास्तर. निकाल लागला, आता पुरे, असे मी सांगून पाहिले.

"अजून बघूया," हे तिचे ठरलेले उत्तर.

स्वतः काकी मात्र होडीत कधी बसत नसे. पलीकडच्या वाडीतून बोलावणे आले तरी साकवाच्या पुलावरून कोसभर वळसा घालून चालत जाई. होडीवाला बाबल ओरडे, "बस गे काकी! पोर काय तुझ्यासाठी थांबतला?"

"तू वल्हव. माका पाय आसत."

त्रेसष्ट साली पेपरात आले, की रशियाची एक बाई यानातून पृथ्वीभोवती फिरून परतली. गावाला यानाचे कौतुक. काकीने विचारले, "लगीन झाला तिचा?"

"नाही."

"झाला की सांगा."

मग रोज दुपारी ती शाळेच्या पायरीवर येऊन बसे. मी सरकार, लढाया, आंब्याचा भाव असे सगळे वाचून दाखवी. ती शांतपणे ऐके आणि म्हणे, "तिचा काय?"

थंडीच्या तोंडावर लग्नाची बातमी आली. नवराही अंतराळवीर. "म्हणजे घोव पण वरच जावन इलेलो!" काकीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मी शास्त्रीय हरकत घेतली. "काकी, वर गेली तेव्हा ती पोटुशी नव्हती. तुझ्या कुठल्याच करवंटीत ती बसत नाही."

"मास्तरांनू, तुम्ही पोरांका शिकवा."

पुढच्या जूनमध्ये त्या बाईला मुलगी झाली.

"बाळ-बाळंतीण?"

"दोघी सुखरूप."

"परत वाचा."

तीनदा वाचले. काकी घरी जाऊन होडीची करवंटी घेऊन आली आणि तिने ती पदरात पालथी केली. तळाचा शिंपला काळा होता, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

"ह्यो माझो," ती म्हणाली. "सातव्या म्हयन्यात होडयेन म्हायेराक गेलंय. सासू मरेपर्यंत म्हणत रवली, होडयेत बसलंस म्हणान पोर गेला."

मी पेपराची घडी घालत राहिलो.

"ती आभाळात जावन इली, तरी तिचा चेडू जिता. मी तर नुसती खाडी उतरलंय." तिने एक पांढरा शिंपला त्या काळ्याशेजारी ठेवला आणि बराच वेळ नाक पुसले.

आठवड्याने पलीकडून बोलावणे आले. काकी घाटावर गेली आणि बाबलकडे न बघता होडीत बसली. बाबल वल्हे मारायचे विसरला. मी काठावर उभा होतो. तिने मला हातही केला.

ओहोटी लागली होती. होडी अर्ध्यावर गाळात रुतली, आणि उरलेली खाडी काकी चालत गेली.