माझ्या वतीनं मखमल

आमच्या फार्मवर नव्या सुनेच्या वतीनं पहिलं वर्षभर घोडी बोलते. माझ्या वतीनं मखमल बोलत असे.

लग्न ठरतानाच हे आम्हाला सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. आबा, म्हणजे माझे सासरे, बाबांना म्हणाले होते, "नवी मुलगी भिडस्त असते. घोडीला भीड नसते. वर्षभरात सगळं सुरळीत होतं." बाबांना पटलं. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे मलाही ते सोयीचंच वाटलं.

पद्धत साधी आहे. माप ओलांडण्याआधी सुनेनं पागेत जाऊन घोडीला गूळ भरवायचा. मग रोज सकाळी तिला खरारा करायचा आणि अंग घासता घासता मनातलं तिच्या कानात सांगायचं. कुणी काही विचारलं की घोडी ते सांगते. फाटकाबाहेर सून स्वतः बोलते. मीही भाजीवाल्याशी बोलायचे, आईला फोन करायचे. फाटकाच्या आत बोलायलाही बंदी नाही. फक्त ते तिचं म्हणणं म्हणून धरलं जात नाही.

मखमल तांबूस रंगाची, चारही पाय आणि कपाळ पांढरं. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं, मालनवहिनींचं वर्षही तिनंच बोलून काढलं होतं, तेव्हा अनुभवी होती. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पागेकडे तोंड करून विचारलं, "केतकीला कालवण कसं वाटलं गं?"

"तिखट होतं," मखमल म्हणाली. "मी तर्री बाजूला सारून खाल्लं."

सासूबाई खूश झाल्या. "बघा, पोरगी कशी सरळ आहे."

"तुमचं तर्रीवर भागलं," मालनवहिनी मला म्हणाल्या. "माझ्या वेळी ही सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली होती, 'मला भाकरी थापता येत नाही.' दहाव्याला, बारशाला, जिथं जाईन तिथं अजून ऐकते मी."

रणजित, माझा नवरा, संध्याकाळी पागेच्या दारात येऊन उभा राहायचा. मी शेजारीच असायचे, पण विचारायचा तो घोडीला. "सिनेमाला येतेस का?"

"मागच्या रांगेत बसणार असू तर येते," मखमल म्हणायची. मी मान खाली घालायचे. आमचं सगळं प्रेम असं तिच्यामार्फत झालं. वाईट झालं असं म्हणता येणार नाही.

लग्नाआधी मी घाटमाथ्यावरच्या वेधशाळेत निरीक्षकाच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. काम ढगांकडे बघून त्यांची नोंद ठेवायचं. मला दुसरं फारसं काही नीट येत नाही; ढग येतात. होळीच्या सुमाराला निवड झाल्याचं पत्र फार्मवर आलं, ते घरात सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खरारा करताना मी मखमलच्या कानात सांगितलं, "माझी निवड झालीय."

"किती लांब आहे ते?"

"घाट चढून, अगदी वर."

"घोडी जाते तिथं?"

"मोटार जाते."

मखमलनं चंदीच्या पाटीतून तोंड बाहेर काढलं. त्या दिवशी तिनं दाणा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार गुलाबमामा पाटी जशीच्या तशी उचलून नेताना मला म्हणाले, "सूनबाई, घोडीला काय बोललात? जिवाला लावून घेतलंय तिनं."

तिसऱ्या दिवशी मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, नुसतं सांगितलं तुला. मी कुठं जातेय? इथं काय कमी आहे मला?"

मखमलनं पाटी चाटूनपुसून साफ केली.

आमच्या माहेरी निघालेल्या पाहुण्याला 'बसा की अजून' म्हणायची रीत आहे, आणि पाहुण्याला त्याचा अर्थ कळतो. तो चपला घालतो. घोडीच्या बाबतीत असं नसतं, हे मला कळायला हवं होतं.

नालबंदीचा मेळावा गुढीपाडव्यानंतर असतो. आमच्या फार्मचा तोच मोठा दिवस. नालबंद येऊन सगळ्या घोड्यांचे नाल बदलतो, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं जमतात, पोरांना फेऱ्या मारायला मिळतात, हलगीवर घोडी नाचवतात, आणि दुपारी भाकरी-पिठल्याच्या पंगतीनंतर घरातले प्रश्न लिंबाखाली सगळ्यांसमोर विचारले जातात. तिथं घोडी जे सांगेल ते पक्कं. कुणी नंतर बदलायला गेलं तर सगळा परिसर हसतो.

त्या सकाळी खरं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. पण त्या सकाळी आयाळीत वेण्या घालायच्या असतात. मखमल मान खाली घालून, डोळे मिटून इतकी खुशीत उभी होती, की मी वेण्याच घातल्या.

बाबा मुद्दाम आले होते. लिंबाखाली नालबंदानं मखमलचा मागचा पाय मांडीवर घेतला होता. ती तीन पायांवर उभी होती. आबांनी घसा साफ केला.

"सूनबाईला सरकारी नोकरी लागलीय. आमच्या घरात कुणाची ना नाही. रणजितनं गाडीच्या वेळासुद्धा बघून ठेवल्यात."

"वर थंडी असते," सासूबाई म्हणाल्या. "मी गोधडी काढून ठेवलीय."

मला हे काहीच माहीत नव्हतं. त्यांनी ते घोडीलाही सांगितलं नव्हतं, कारण तिला सगळं माहीतच असणार असं त्यांना वाटलं.

"मखमल," आबा म्हणाले, "सूनबाईचं काय म्हणणं?"

"मी कुठं जातेय?" मखमल म्हणाली. "इथं काय कमी आहे मला?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणाली, "अशी सून मिळायला नशीब लागतं." सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. रणजितनं खिशात हात घातला आणि गाडीच्या वेळा लिहिलेला कागद हळूच चुरगळला. नालबंदानं दुसरा पाय घेतला.

बाबांना सोडायला मी फाटकाबाहेर गेले. तिथं मला बोलता येत होतं.

"फोनवर तर तू जायचं म्हणत होतीस," बाबा म्हणाले.

"तिला वाईट वाटलं असतं."

"कुणाला?"

"घोडीला."

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हो, ते आहेच." आमच्या घरातले सगळेच असे आहेत.

त्या संध्याकाळी मी रणजितला आपल्या आवाजात सांगितलं, "मला जायचं होतं."

त्यानं माझ्याकडे फार मायेनं बघितलं. "थांब," तो म्हणाला, "मी विचारून येतो." तो पागेत जाऊन आला. "इथं काय कमी आहे, असं म्हणतेय," तो म्हणाला आणि निर्धास्त झाला. पुढच्या आठवड्यात त्यानं माझ्यासाठी अंगणात झोपाळा बांधला. त्याच्यावर बसून आकाश चांगलं दिसतं.

वेधशाळेतली जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळाली. मी रोज सकाळी मखमलला ढग सांगत राहिले. आज पिसासारखे आहेत, आज खवल्यांसारखे. ती ऐकायची. कुणी विचारलं नाही, त्यामुळे तिनंही ते कुणाला सांगितलं नाही.

वर्ष संपलं त्या दिवशी शेवटचा खरारा केला. दुपारी तिला पुन्हा गूळ भरवला की माझं बोलणं माझ्याकडे येणार होतं.

"काही राहिलंय का?" मखमलनं विचारलं. हे विचारायचंच असतं.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "मला घाटावर जायचं होतं. ढगांची नोंद ठेवायची होती."

तिचं चघळणं थांबलं. "आधी सांगायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं," मखमल म्हणाली. "पण घोडीला जे वाटतं, ते संध्याकाळच्या चंदीपर्यंत."

दुपारी मी गूळ भरवला. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तिचं काम संपलं होतं.

दिवाळीनंतर माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं. पूर्वा आली, तिनं पागेत जाऊन मखमलला गूळ भरवला, माप ओलांडलं, पंगत बसली. सासूबाईंनी खिडकीतून विचारलं, "पूर्वाला जेवण आवडलं का गं?"

"मला घाटावर जायचं होतं," मखमल म्हणाली. "ढगांची नोंद ठेवायची होती."

पूर्वा जिलबी हातात धरून बसली होती.

माझं वर्ष संपलेलं होतं. मी बोलले तर ते धरलं जाणार होतं. मी म्हणाले, "आबा, ते माझं आहे."

आबांनी विचार केला. ते कधीच घाईनं उत्तर देत नाहीत. "तुझं कसं असेल, केतकी? तुझं मेळाव्यात सांगून झालंय. सगळ्यांनी ऐकलंय."

"ते मी भिडेनं म्हटलं होतं."

"म्हणून तर घोडी ठेवलीय आपण," आबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "एका घोडीचे दोन शब्द झाले, तर पागा कशी चालायची?"

"एकीनं नको म्हटलं," सासूबाई म्हणाल्या. "हिला तरी जाऊ दे बाई. गोधडी तशीच आहे."

वेधशाळेत जागा पुन्हा निघाली होती. माझ्या जागी गेलेल्या माणसाला तिथली हवा मानवली नव्हती. पूर्वाही माझ्यासारखी बी.एस्सी. निघाली. तिची निवड झाली. मी तिला दशम्या बांधून दिल्या आणि गाडीपर्यंत सोडायला गेले. फाटकाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, मला उंचावर चक्कर येते."

"मखमलला सांगितलं होतंस?"

"पहिल्याच दिवशी काय सांगणार? गूळ भरवला आणि जेवायला बसले."

मी तिच्या गळ्याशी गोधडी नीट केली. गाडी आली.

आता पूर्वा रोज सकाळी फोन करते. मी फोन घेऊन पागेत जाते, एका हातानं मखमलला खरारा करते. पूर्वा म्हणते, "ताई, आज डोंगरावर खालून पसरट आणि वरून फुलकोबीसारखं काहीतरी आलंय." मी नाव सांगते. ती ते लिहून घेते. नोंद तिची म्हणून धरली जाते.

मखमल ऐकत असते. चंदी खात असते.