भात्यावरचं अस्वल

बसा पाहू नीट. चुळबुळ करणाऱ्याला गोष्ट मिळणार नाही. तर असंच एक जंगल होतं. झाडं कमी, दवाखाने जास्त.

त्या जंगलात भिवबा नावाचं अस्वल राहायचं. एकदा वणव्याजवळच्या झाडावर मध काढायला गेलं आणि एवढा धूर गिळून बसलं की त्याचा श्वासच अडकला. हावरट मेलं! त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं, त्याला पाठीवर घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं एक यंत्र होतं. लोहाराकडे असतो तसा भाताच, फक्त महाग. एका नळीनं रक्त बाहेर काढायचं, त्याला हवा दाखवायची, दुसऱ्या नळीनं परत आत सोडायचं. तोवर हृदयाला सुट्टी, फुप्फुसांनाही सुट्टी. यंत्र गुणी होतं हं. भिवबाचा जीव त्यानंच वाचवला.

बिलाच्या खिडकीत कोल्हा बसायचा. त्यानं दरपत्रक पुढे केलं.

"भात्याची जोडणी, मधाची पाच पोळी. उद्यापासून डॉक्टरांची दैनिक देखरेख, रोज एक पोळं."

"डॉक्टर दोन आहेत. मग दोन पोळी?" गुणाबाईनं घाबरत विचारलं.

"छे हो! आम्ही काय लुटारू आहोत? एका दिवसाला एकच डॉक्टर. नोंदीच्या पानावर ज्याचा पंजा आधी उमटेल, पोळं त्याचं."

हृदयाचा डॉक्टर होता तरस. फुप्फुसांचा होता बगळा. रोज उजाडताच दोघं धापा टाकत यायचे. बगळ्याला पंख, म्हणून तोच जिंकायचा. मग तरसानं दारातच अंथरूण टाकलं. एकदा पंजा उमटला की दोघेही पसार! भिवबाकडे बघायला वेळ कुणाला?

आठव्या दिवशी भिवबानं डोळे उघडले. छाती आपली आपण हलत होती. नर्स मुंगूसबाईनं ते पाहिलं आणि बगळ्याला गाठलं.

"डॉक्टर, पेशंट स्वतः श्वास घेतोय. नळ्या काढायच्या ना?"

"आजचा पंजा तरसांचा आहे. मी कशाला मध्ये पडू?"

ती तरसाकडे धावली.

"पंजा माझा आहे, पण देखरेखीचा," तरस म्हणाला. "मी देखरेख करतोय. काढणी दरपत्रकात आहे का?"

खरंच नव्हती. जोडणीला दर होता, देखरेखीला दर होता. काढणीचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गुणाबाईच्या घरी आता शेवटची दोन पोळी उरली होती. पिल्लं भुकेनं रडत होती. तीही पोटभर रडली. मग नाक पुसलं आणि खिडकीपाशी गेली.

"कोल्हेभाऊ, दरपत्रकात एक ओळ वाढवा. काढणी, दोन पोळी."

"आणि खिडकीला काय?"

"मेण तुमचं."

कोल्ह्यानं ओळ लिहिली. शाई वाळायच्या आत दोन्ही डॉक्टर खाटेपाशी हजर!

"पेशंट ठणठणीत आहे!" बगळा ओरडला.

"मी तर कधीचा सांगतोय!" तरस ओरडला.

एकानं एक नळी काढली, दुसऱ्यानं दुसरी. मग पंजा कुणाचा यावरून दोघांची जुंपली. तेवढ्यात गुणाबाईनं नवऱ्याचा हात धरला आणि घरचा रस्ता पकडला.

पण बाळांनो, ती ओळ दरपत्रकात तशीच राहिली. आता पायात काटा रुतलेला ससा आला, तरी सकाळी त्याची जोडणी होते आणि संध्याकाळी काढणी. गुणाबाईला हे कळलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं. ती काही बोलणार, तोच भिवबाला शिंक आली. तिनं झटकन त्याच्या नाकावर पंजा दाबला.

"हळू शिंका हो! खिडकीत ऐकू जाईल."

तात्पर्य: रोज व्यायाम करा, पालेभाज्या खा, ते सगळं ठीक आहे. पण आजारी पडण्याआधी बरं होण्याचा दर ठरवून घ्या. फुकटात बरं होणाऱ्याला कुणी घरी सोडत नाही.